मोहबोडीचा संगणक आणि तलावाचे माप

सन दोन हजार चोवीस, आश्विन महिन्याचा शुद्ध पक्ष; जिल्हा गोंदिया, तालुका अर्जुनी-मोरगाव, मौजे मोहबोडी; ग्रामपंचायतीच्या भिंतीला भिंत लावून उभी असलेली सार्वजनिक वाचनालयाची खोली. या हकिगतीतला वाद याच खोलीवरून उपजला, याच खोलीत वाढला आणि याच खोलीत त्याचा निकाल लागला. म्हणून स्थळकाळाविषयी वाचकाच्या मनात आरंभीच कसला संदेह राहू नये.

खोलीत पुस्तकांची दोन कपाटे, एक लांब बाक आणि खिडकीखालच्या मेजावर एक संगणक होता. ग्रामपंचायतीने नवे यंत्र घेतले तेव्हा हे जुने वाचनालयाच्या वाट्याला आले, आणि त्यावर रीता पुस्तोडे गावातल्या मुलींना मराठी टंकलेखन शिकवू लागली. तालुक्याच्या गावी टंकलेखनाचे वर्ग होते. परंतु तिकडून परतणारी एसटी दिवेलागणीनंतर मोहबोडीच्या फाट्यावर पोचे आणि फाट्यापासून गावापर्यंतची वाट जंगलातून जाई. ज्या घरांनी आपल्या मुलींना त्या एसटीत कधीही बसू दिले नसते, ती घरे वाचनालयात मात्र विनातक्रार पाठवीत. रीतेचे स्वतःचे म्हणावे तर, लग्न होऊन या गावात आल्यापासून ती उमराव पुस्तोड्यांची सून होती, कैलाशची बायको होती. या खोलीच्या उंबऱ्याच्या आत तेवढी ती ‘टायपिंगवाल्या बाई’ होती. एवढीशी उपाधी कोणी हलकी मानील. पण जिला दुसरी मिळालेली नाही, तिने ती हलकी मानावी असा आग्रह धरणारा मनुष्य न्यायी म्हणता येणार नाही.

पोळ्याच्या सुमारास वीज तीन-चारदा गेली, आली, आणि शेवटच्या वेळी आली ती संगणकाचा जीव घेऊनच आली. पडदा काळा झाला; त्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली की यंत्राला आपली कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, सापडत नाही. रीतेचा धाकटा भाऊ हिमांशु गोंदियाजवळ कुडव्याला राहत असे आणि शहरातल्या एका संगणकाच्या दुकानात कामाला होता. सणासाठी तो बहिणीकडे आला, तेव्हा त्याने यंत्राचे झाकण उघडून आत फुंकर मारली आणि धुळीने शिंकत शिंकत निदान केले.

“ताई, हे भंगार झालं वो. पाचशे बारा एमबी रॅम! आजकल मोबाइल का कव्हर भी इससे ज्यादा याद रखता है.”

“मग मेमरी वाढव ना,” रीता म्हणाली.

“कुठं वाढवू? दोन खाचे आहेत. एक जली हुई है. दुसऱ्यात बसली तेवढीच बसते, अना या जातीची मेमरी आता बजार में मिलती नहीं. नवी विंडोज तर याच्याकडे पाहून थुंकेल पन नाई.”

रीतेचे सासरे उमराव बाकावर बसून हे ऐकत होते. सत्तरीतला, ताठ कण्याचा हा गृहस्थ. ज्या कोहळी कुळांनी या मुलखात पाळी, म्हणजे मातीचे उंच बांध, घालून तलाव बांधले, त्यांपैकी एका कुळाचा. आणि गावाच्या तलावाचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या शेतात जाईल, यावर ज्याच्या शब्दापुढे बोलणारे फार थोडे. त्यांनी विचारले, “काऊन गा हिमांशु, चालनार नाई असं तू म्हनून राहिला का तुहा मालक?”

“मामाजी, कंपनी म्हनते.”

“कंपनी मोहबोडीले आली होती का पाहाले?”

हिमांशु हसला, झाकण लावले, आणि पुरणपोळी खाऊन कुडव्याला परत गेला. संगणक पुढे महिनाभर मेजावर मुका पडून राहिला. मुली येत, बाकावर बसून पुस्तके चाळीत, आणि काही दिवसांनी येईनाशा झाल्या.

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत सेवा सहकारी संस्थेचा अध्यक्ष टेकचंद उठला आणि त्याने खोली मागितली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: टेकचंद दुष्ट नव्हता. धानाच्या खरेदीचा हंगाम तोंडावर होता. गेल्या वर्षी संस्थेचा बारदाना, म्हणजे धान भरायची रिकामी पोती, उघड्या पडवीत भिजून कुजली होती आणि त्यापायी कितीएकांचे माप रखडले होते. त्याला कोरडी जागा हवी होती, आणि गावात कोरडी नि मोकळी अशी खोली एकच दिसत होती. त्याची गरज खरी होती. फक्त तिच्या पूर्तीसाठी त्याने निवडलेली जागा दुसऱ्याची होती, आणि जगातले बहुतेक तंटे याच स्वरूपाचे असतात.

“संगनक बंद, पोरी येत नाई,” तो म्हणाला. “खोलीत वाळवी तेवढी वाचून राहिली पुस्तकं. वहिनी, मेलेल्या ढोरापुढं किती दिवस चारा टाकता?”

सभा हसली. रीता बायकांच्या बाजूला बसली होती, ती उठून उभी राहिली.

“ढोर मेलं का जितं, हे त्याच्या जागेवर पोतं टाकनाऱ्यानं ठरवू नये, टेकचंदभाऊ.”

“मग कोन ठरवते? तुमचाच भाऊ म्हनला भंगार आहे.”

“माहा भाऊ विकाच्या दुकानात कामाले आहे. मले काई विकाचं नाई.”

सरपंच सुशीलाबाई या जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या बाई. दोन्हीकडचे हशे शमेपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, “दसऱ्याच्या आधी संगनक चालू करून दाखव, रीता. त्याच्यावर मराठी लिहून दाखव. झालं तं खोली तुमची. नाई झालं तं बारदाना. मंजूर?”

“मंजूर,” रीता म्हणाली, आणि म्हणता क्षणी तिला उमगले की आपण ज्याला मंजुरी दिली ते कसे करायचे हे आपल्याला मुळीच ठाऊक नाही.

ठाऊक नसणे हा दोष खरा; परंतु तो दूर करता येतो. तिने मोबाइलवर शोधले, वाचले, पुन्हा वाचले. लिनक्स नावाची एक कार्यप्रणाली असते, ती कोणाच्या मालकीची नसते, आणि तिच्या काही जाती मुद्दाम अशा जुन्या, अल्पस्मृती यंत्रांसाठी राखलेल्या असतात, हे तिला कळले. यंत्र इतके जुने की पेनड्राइव्हवरून चालू होईना. म्हणून सीडी हवी होती, आणि सीडी लिहिणारे यंत्र हिमांशुच्या दुकानात होते. त्याने कुरकुरत ती लिहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली आणि फोन केला.

“ताई, टाक तूच. मी हात नाई लावनार. गावात बोलतील, हिमांशुनं बिघडवलं. दुकान का नाम खराब होगा.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “चाललं तं पन तुहं नाव होनार नाई.”

पहिल्या दिवशी तिने सीडी घातली आणि पडद्यावर जे दोन मार्ग आले त्यांतला चित्रांचा मार्ग निवडला, कारण तो देखणा होता. थोड्या वेळाने एक निळसर पट उघडला, माऊसचा बाण मध्यभागी आला आणि तेथेच थिजला. दुपार गेली, बाण हलला नाही. जे यंत्र कामाचाच भार पेलताना वाकते, त्याच्या डोक्यावर आपण शृंगाराचेही ओझे ठेवले, हे तिच्या ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी तिने साध्या अक्षरांचा मार्ग घेतला. या खेपेस यंत्राने स्वतःच कबुली दिली: मेमरी थोडी आहे, मी थोडक्यात काम करीन, आणि तोवर इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत बोलणार नाही.

“बोल इंग्रजी,” रीता पडद्याला म्हणाली. “बोलून घे आज. मागून तुह्याकडूनच मराठी लिहून घेतो का नाई पाय.”

उमराव काठी टेकत आत आले ते नेमके याच वेळी. तलावाचे शेवटचे पाणी सुटायचे होते. हलका धान कापणीला आला होता. पण उशिरा पिकणाऱ्या भारी धानाच्या लोंब्यांत दाणा भरायला अजून एक पाणी हवे होते. त्याची पाळी ठरवून ते परतत होते.

“काय विचारून राहिलं हे?” त्यांनी पडद्याकडे काठी रोखली.

रीतेने सांगितले की डिस्कची वाटणी करायची आहे. एक हिस्सा कार्यप्रणालीला आणि तिच्या कामांना. दुसरा हिस्सा राखीव. मेमरीत जे मावत नाही ते यंत्र तात्पुरते या राखीव जागेत सोडते आणि गरज पडली की परत ओढून घेते. मेमरी जितकी थोडी, तितकी या जागेची गरज अधिक.

उमरावांचे डोळे चमकले. “म्हनजे तलाव.”

“तलावच म्हना.”

“मग विचार कायचा करून राहिली? पावसाचं जेवढं शेतात मावते तेवढं मावते. बाकीचं साठवाले तलाव. आमच्या आज्यानं घर मागून बांधलं, तलाव आधी. तलावाले जागा देताना हात आखडू नाई बाई, आखडलेल्या तलावानं गाव उपाशी मेलेलं पाह्यलं आहे मी.”

रीताही तलावाच्याच गावची लेक. तिच्याही माहेरी मोठी पाळ म्हणजे मोठे कूळ. मेमरी थोडी असली की राखीव जागा उदार असावी, हे तिने वाचलेही होते. किती उदार, हे मात्र तेथे एका आकड्यात सांगितलेले होते आणि त्या आकड्यावर सासऱ्यांच्या शब्दाने मात केली. शिवाय तिने एक तर्क केला, जो ऐकायला बिनतोड होता: सबंध कार्यप्रणाली एका सीडीवर मावते, तर तिला सीडीपेक्षा थोडी अधिक जागा पुरेशी झाली पाहिजे. मग डिस्कचे दहा हिस्से करून नऊ हिस्से तलावाला द्यायला हरकत ती काय? दिले. बटन दाबले. यंत्राने तक्रार केली नाही. डिस्क कुरकुर करू लागली, फाईलींची नावे एकापाठोपाठ एक सरकू लागली, आणि सासरे-सुनेने एकमेकांकडे पाहून समाधानाने मान हलवली. अशी चूक गोंदियाच्या बाजारातला कोणता दुकानदार करता ना. ती करायला रक्तात तलाव असावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकचंद खोलीची मापे घ्यायला आला. फीत त्याच्या हाती होती आणि तिचे दुसरे टोक धरायला कोणी नव्हते.

“काकाजी, हे टोक धरता का जरा?” त्याने उमरावांनाच विचारले.

“धरतो. तुह्या गळ्याभोवती.”

टेकचंद मोठ्याने हसला आणि टोक कपाटाच्या कडीला अडकवून एकटाच मोजू लागला. तेवढ्यात रात्रभर चाललेली डिस्कची कुरकुर थांबली. पडद्यावर लाल पट्टी आली. रीतेने ती वाचली, पुन्हा वाचली. डिस्कवर जागा शिल्लक नव्हती.

“काय म्हनते?” टेकचंद फीत गुंडाळत जवळ आला.

खोटे सांगता आले असते. तिने सांगितले नाही. “जागा पुरली नाई म्हनते. सीडीवर दाबून, घट्ट बांधून ठेवलेलं असते. उलगडलं का वाढते. आमी तलावालेच जास्त दिली.”

टेकचंदाला क्षणभर समजले नाही. समजले तेव्हा तो बाकावर बसूनच हसला. “सारं शिवार तलावाखाली घेतलं! वा काकाजी! आता पेराचं कुठं, पाळीवर?”

उमरावांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी काठी उचलली आणि ते बाहेर पडले. टेकचंदाने मागून हाक दिली, “काकाजी, रागावू नका जी! संगनक आहे तो, त्याले मासोळ्या नाई सोडाच्या!” पण तोवर ते अंगण ओलांडून गेले होते.

संध्याकाळी रीता तलावाच्या पाळीवर गेली. पाणी सुटले होते. तलावाच्या दारातून निघालेला प्रवाह पाटाने उतरत पहिल्या बांधीत शिरत होता. तेथील लोक धानाच्या बांधबंदिस्त तुकड्याला बांधी म्हणतात. एक भरली की तिच्या बांधाला तोंड पाडून पाणी दुसरीत सोडतात, दुसरीतून तिसरीत, आणि असे करत ते उताराच्या शेवटापर्यंत जाते. उमराव मोहाच्या झाडाच्या बुडाशी बसून ते पाहत होते.

“मामाजी, उद्या पुन्हा करतो मी. तलाव लहान करून.”

“लहान नाई कराचा.”

“मग काय कराचं?”

“दुसरी डिस्क आन. तलाव कमी करून कोनी कोहळी मोठा झाला नाई.”

“दुसरी डिस्क नाई भेटत. दसरा परवा आहे.”

“मग राहू दे बंद. पन माह्या सांगन्यावरून ठेवलेली पाळ मी कमी करू देनार नाई. उद्या टेकचंद गावभर सांगेल, उमरावनं आपली पाळ आपन फोडली.”

तेव्हा रीतेला कळले की हा वाद डिस्कचा राहिलेला नाही. टेकचंदापुढे उभे राहायला तिला धैर्य लागले नव्हते. तो परका होता. ज्याच्या हातचे पाणी गाव विनातक्रार घेते, ज्याच्यापुढे तिने आजवर मान वर केली नव्हती, त्याच माणसाला त्याच्याच पाळीवर उभे राहून ‘तुमचे माप चुकले’ असे सांगायचे, याला मात्र लागत होते. तिने ते सांगितले.

“मामाजी, आजोबानं हा तलाव कायले बांधला?”

“कायले म्हनजे? पिकाले.”

“आपली किती जमीन बुडाली त्याच्यात?”

“अर्धी.” आवाजात अभिमान होता.

“अर्धीच काऊन? सारी काऊन नाई बुडवली? पाळ आखीन वरती नेता आली असती.”

त्यांनी नजर पाटाकडे वळवली. पाटाचे पाणी पहिल्या बांधीच्या तोंडाशी वळसा घेत होते.

“सारी बुडवली असती,” ती पुढे म्हणाली, “तं आज या जिल्ह्यातला सर्वांत मोठा तलाव आपला असता. अना त्याच्याखाली एक बांधी नसती. आपन काल तेच केलं. चूक तुमची, तशी माही पन. पन उद्या मी माप बदलनार आहे. तुमी नाई म्हनलं तरी.”

“मले शिकवून राहिली? ओलिताची जमीन पाहून पाळ घालतात, हे मले?”

“हो. आज शिकवून राहिली.”

उमरावांनी तिच्याकडे पाहिले. रागाने पाहिले, यात शंका नाही. मग ते उठले, धोतराची माती झटकली, आणि म्हणाले, “मी येनार नाई उद्या.”

“नका येऊ,” रीता म्हणाली.

दुसरा दिवस उजाडला तेव्हा खोलीत बरीच गर्दी झाली. सरपंच सुशीलाबाई आल्या, टेकचंद आला, दसऱ्यासाठी बहिणीकडे आलेला हिमांशु मोबाइल उगारून, चित्रफीत काढण्याच्या तयारीत खिडकीशी उभा राहिला. रीतेने जुनी वाटणी पुसली. डिस्कचा मोठा हिस्सा कार्यप्रणालीला दिला. राखीव जागा मेमरीच्या दुपटीएवढी ठेवली, म्हणजे आदल्या मानाने अगदीच लहान. आणि क्रम मात्र सासऱ्यांचाच पाळला: राखीव जागा आधी आखली, आधी चालू केली, मगच बाकीच्या कामाला हात घातला. हा क्रम योग्यच होता. उमरावांचे माप चुकले होते, पण ‘तलाव आधी’ हे सूत्र चुकले नव्हते, आणि एका चुकीसाठी सबंध शहाणपण फेकून देण्याइतकी ती उतावीळ नव्हती.

काम सुरू झाले. डिस्क कुरकुरू लागली. ती आता अखंड कुरकुरत होती, कारण मेमरी भरायची, उरलेले राखीव जागेत जायचे, तेथून परत यायचे, पुन्हा जायचे. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मध्येच मुंगीही थांबे. याच सुमारास उमराव आत आले. ते बाकाच्या टोकाला, पडद्याकडे पाठ करून बसले.

दुपार कलली. हिमांशुने चित्रफीत काढणे सोडून दिले. पट्टी कितीतरी वेळ एकाच जागी होती.

“हँग झालं ताई,” हिमांशु म्हणाला. “रीस्टार्ट मार.”

“नाई झालं. डिस्कचा दिवा पाय. लुकलुकून राहिला.”

“लुकलुकते तं माह्या बाइकचा पन इंडिकेटर,” टेकचंद म्हणाला. “वहिनी, तुमची जिद्द पाह्यली, कबूल. पन कापनीच्या दिवसांत मानसं इथं किती बसवता? सरपंचबाई, करू का बंद?” आणि त्याने भिंतीवरच्या विजेच्या खटक्याकडे हात नेला.

रीता मेज सोडून उठली आणि खटक्यापुढे उभी राहिली. इतकी जवळ की टेकचंदाला हात मागे घ्यावाच लागला.

“हात दूर ठेवा, टेकचंदभाऊ.”

“अरे पन चालूनच नाई राहिलं तं—”

“हळू चालून राहिलं. सरपंचबाई, मी एकच विचारतो. पाटाचं पानी शेवटच्या बांधीत पोचलं नाई, अना कोनी मधातच तलावाचं दार बंद केलं, तं त्याले आपलं गाव काय करते?”

सुशीलाबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. हा नियम कोठे लिहिलेला नव्हता आणि मोडायची कोणाची छाती नव्हती. पाणी वरच्या शेताला लवकर मिळते, खालच्याला उशिरा; पण खालच्याचे भरल्यावाचून दाराला हात लावायचा नाही, मग तो हात मोठ्या शेतकऱ्याचा असो की सरपंचाचा.

“पुढच्या पाळीत त्याचं शेत सर्वांच्या मागून,” त्या म्हणाल्या.

“तुह्या बापाचं गेलं होतं एकदा, टेकचंद,” उमराव पाठ न वळवता म्हणाले. “तुह्या आईनं माह्या दारात येऊन भांडन केलं होतं. तू कडेवर होता. तू पन ओरडून राहिला होता.”

खोलीत हशा उसळला. टेकचंदही हसला, मात्र कान तांबडे करून. तो खटक्यापासून दूर सरकला आणि दारात जाऊन बिडी पेटवून बसला. सुशीलाबाईंनी चष्मा लावला. “चालू दे रीता. शेवटच्या बांधीपर्यंत चालू दे.”

पट्टी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. उन्हे खिडकीतून मेजावर आली तेव्हा यंत्राने सीडी आपण होऊन बाहेर ढकलली आणि ते स्वतःच बंद होऊन पुन्हा उघडले. पडदा काळा, मग राखाडी, मग कोपऱ्यात एक साधी पट्टी आणि दोन-तीन चित्रे. ना झगमग, ना संगीत. रीतेने यंत्रात मराठीचा कळफलक निवडला.

“आता इंटरनेट खोल,” हिमांशु म्हणाला. “व्हिडिओ चला के दिखा.”

“नाई चालनार.”

“मग काय उपयोग?”

“व्हिडिओ तुह्या मोबाइलवर पाय. ग्रामसभेत मी मराठी लिहिन्याचं कबूल केलं. दोन कामं एका वेळी सांगितली तं हे बसनार. एक सांगितलं तं करनार. जेवढं आहे तेवढंच सांगून राहिली मी, कमी नाई, जास्त नाई.”

टेकचंद बिडी विझवून परत आत आला. “लिहा मग. जड काई तरी लिहा. ‘कमल’ अना ‘गवत’ नाई चालनार.”

“मी सांगते,” सुशीलाबाई म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून रीतेच्या शेजारी बसल्या. “लिही. ‘मौजे मोहबोडी येथील ग्रामस्थांच्या संमतीने, सार्वजनिक वाचनालयाच्या स्वास्थ्यासाठी व विद्यार्थिनींच्या शिक्षणासाठी...’”

रीतेची बोटे कळांवर पडू लागली. पडद्यावरची अक्षरे बोटांच्या मागे अर्ध्या निमिषाने येत होती. जणू यंत्र प्रत्येक शब्द एकदा आपल्याशी म्हणून पाहत होते आणि मगच लिहीत होते. ‘ग्रामस्थांच्या’ उमटले, ‘स्वास्थ्यासाठी’ उमटले. जोडाक्षरे तुटली नाहीत, मात्रा घसरल्या नाहीत.

“वहिनी, तुमचं लिहून होते, मागून ते लिहिते,” टेकचंद म्हणाला.

“लिहिते ना?”

“लिहिते,” त्याने कबूल केले, आणि मग, हरलेल्या माणसाचा हक्क म्हणून, “पन किती हळू!” असे जोडले.

हिमांशु वाकून पडदा पाहत होता. त्याने एका कोपऱ्यात मेमरीचा आकडा उघडला, राखीव जागेचा आकडा उघडला, आणि ओठ दाबून मान हलवली. “ताई, इतनी कम मेमरी में... दुकानात सांगितलं तं माननार नाई.”

“मग नको सांगू.”

उमरावांनी आता कोठे तोंड फिरवले. ते उठून पडद्याजवळ आले, अक्षरे दिसत नसल्यामुळे डोळे बारीक केले, आणि सुनेला हळूच विचारले, “किती ठेवला तलाव?”

“मेमरीच्या दुप्पट.”

त्यांनी बोटांच्या पेरांवर काही मोजले. “थोडा आखीन चालला असता,” ते म्हणाले.

“नाई चालला असता, मामाजी.”

ते बाकावर जाऊन बसले, या खेपेस पडद्याकडे तोंड करून. सुशीलाबाईंनी पडद्यावरचा मजकूर आरंभापासून वाचला, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचला, आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या खोलीतल्या सगळ्यांकडे वळल्या.

“हळू आहे, पन चालते,” त्या म्हणाल्या. “खोली वाचनालयाची राहील. टेकचंद, बारदान्याले दुसरी जागा पाय.”